मागच्या उताराचे खांब

खांबच नव्हते. मागच्या दाराबाहेरच्या उतारावर दिव्यांचे झोत नीट बसवायला मी आले होते, तर जिथे कमरेएवढे दिव्यांचे खांब असायला हवेत तिथे जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले. तळपायाची आग मस्तकात गेली.

ही इमारत म्हणजे काचेचा पिळलेला अवाढव्य मनोरा. पुढच्या शतकातून आणून ठेवल्यासारखा, असं मालक येईल त्याला सांगतात. बाहेरची सगळी प्रकाशयोजना आमची, म्हणजे माझी आणि नवऱ्याची. आराखडे मी करते, मालकांशी गोड बोलायचं खातं त्याच्याकडे. वीज नेहमीच्या निम्मी वापरायची अशी अट होती आणि मी ती पाळली होती. जिथे माणसांचे पाय पडतात तिथेच उजेड, तोही खाली. कुणी आलं की दिवा वाढणार, गेलं की मंद होणार. आभाळाला उजेड दाखवायची हौस मला नाही.

फोन करून त्याला बोलावून घेतलं. आला, तोही हसत.

"खांब कुठे गेले?"

"अगं, सांगणारच होतो. मालकांना मुकुट हवा होता."

मुकुट म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावर दिव्यांचं कडं. त्याला मी केव्हाच नाही म्हटलं होतं.

"मग?"

"मग वीज निम्म्यातच बसवायची तर कुठून तरी काढावी लागणार ना? म्हणजे वीज वाचवणाऱ्या इमारतीचं यंदाचं बक्षीस आपलंच. आणि मागे कोण बघतंय?"

"बघायला नाही, चालायला लावले होते ते. या दाराने कोण बाहेर पडतं, ठाऊक आहे ना तुला?"

चांगलं ठाऊक होतं. त्याची सख्खी धाकटी बहीण इथल्या कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिकडच्या बायकांना पुढच्या दाराने जाऊ देत नाहीत.

"तिच्याकडे मोबाईल असतो की," तो म्हणाला.

त्याच्या एक ठेवून द्यावी असं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"मला न विचारता माझ्या आराखड्याला हात लावलास तू."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

"हळू बोल जरा. बक्षीस पदरात पडू दे, मग मीच मालकांच्या कानावर घालतो."

तेवढ्यात दार उघडलं. दिवस मावळला होता, उतारावर काळोख दाटलेला. बायका एकीमागे एक, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आल्या. सगळ्यांत पुढे माझी नणंद, एक हात भिंतीला, दुसऱ्यात मोबाईलचा उजेड. आम्हाला बघून तिचा चेहरा खुलला.

"बघा गं, सांगत नव्हते?" ती मागे वळून म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "वहिनी, बरं झालं आलात. परवा एक जण इथेच घसरली, मनगट मोडलं तिचं. या सगळ्या तक्रार करायला निघाल्या होत्या, मीच अडवलं. म्हटलं, माझा भाऊच लावतोय ना दिवे, तो विसरेल का आपल्याला? लागतील ना रे दादा?"

"लागतील की," दादा म्हणाला. "थोडं काम राहिलंय."

जीभसुद्धा अडखळली नाही मेल्याची.

"नाही लागणार," मी म्हणाले. "खांब यानेच काढायला लावले. इथली वीज वर माथ्यावर दिलीय, शोभेला."

सगळ्यांनी वर बघितलं. मुकुट झगमगत होता. नणंदेने दादाकडे बघितलं.

"खरं?"

"तुला नाही कळायचं गं, त्यात बरेच हिशोब असतात..."

तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही. बायकांकडे वळली.

"उद्या सकाळीच तक्रार द्यायची. पहिलं नाव माझं घाला."

दादाने आधाराला हात पुढे केला. तो बाजूला सारून ती भिंत धरत उतार उतरू लागली, आणि तिच्यामागून बाकीच्या.