सौनातला कारभार

टोर्स्ती हिएतारांता फिनलंडमधल्या एका गावच्या वर्तमानपत्राचा संपादक होता, तोवर त्याला पारदर्शकता कधी आठवली नाही. दर गुरुवारी तो नगर परिषदेचा अध्यक्ष कौको याच्या तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे लाकडी वाफघरात, जाई. तिथे वरच्या फळीवर उघडेबंब बसून चार-पाच जण गावचा कारभार उरकत; सभागृहात नंतर नुसते हात वर व्हायचे. काय छापायचं नि काय गिळायचं, तेही तिथेच ठरे. मग बाहेर येऊन भाजलेलं सॉसेज आणि बिअर.

निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी टॉवेल पिशवीत भरून तो फोनची वाट पाहत बसला. फोन आला नाही. फळीवरच्या त्याच्या जागी आता नवा संपादक बसतो, असं कानावर आलं. आठवडाभरात टोर्स्तीच्यातला लोकशाहीचा कैवारी जागा झाला.

त्याने ‘खुला कारभार संघ’ काढला. वाचनालयात भाषणं सुरू केली. बंद दाराआड निर्णय होतात, असं तो गरजून सांगे. दार कोणाचं, तेही सांगे. आपण किती वर्षं त्या दाराच्या आत होतो, तेवढं राहून जाई. हेलसिंकीत त्याचा सत्कार झाला.

अखेर कौकोने गुरुवारचा सौना सगळ्यांना खुला केला. फुकटची वाफ, फुकटचं सॉसेज, गाव लोटला. त्या गर्दीत कारभाराचा शब्दही कोणी काढला नाही. टोर्स्तीने हा विजय लगेच भाषणात घातला.

काही दिवसांनी कौकोने त्याला दुकानात गाठलं. “गुरुवारी फार गर्दी होते रे. आम्ही आता मंगळवारी जमतो. येतोस?”

टोर्स्तीने कपाळाला आठ्या घातल्या. तत्त्वाचा प्रश्न होता.

“किती वाजता?” त्याने विचारलं.

मंगळवारी तो वाफेने लालबुंद होऊन घरी आला. नातीची शाळा बंद करणार म्हणतात ते खरं का, असं बायकोने, आउनेने, विचारलं.

“काही गोष्टी वेळ आल्याशिवाय लोकांपुढे ठेवता येत नाहीत.”

“मी लोक नाही, बायको आहे तुझी.”

तो झोपायला गेला.

पुढच्या भाषणाला आउने नेहमीसारखी पहिल्या रांगेत होती. कोणाला काही विचारायचंय का, असं टोर्स्तीने म्हणताच ती विणकाम मांडीवर ठेवून उभी राहिली.

“मंगळवारी सौनात शाळेचं काय ठरलं?”

टोर्स्ती सावकाश पाणी प्याला. मग वाचनालय बंद व्हायची वेळ झाली, असं त्याने जाहीर केलं.

शरद ऋतूत शाळेला कुलूप लागलं. संघाचा अध्यक्ष अजून टोर्स्तीच आहे. आउने मात्र भाषणाला जात नाही.