हिरव्या खोडाचा हेवा

मित्रांनो, टोमॅटोच्या कळ्या सोलणारा मी एक जुना चिमटा आहे. नळदुर्गजवळ शरणप्पांच्या शेडनेटमध्ये माझी हयात गेली.

टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात. दोन जातींचा संकर करायचा, तर उमलण्याआधीच कळी उघडून आतली पुंकेसरांची पिवळी नळी काढावी लागते. ते माझं काम. दर कळीनंतर शरणप्पा मला सदऱ्याच्या डाव्या बाहीला पुसत. त्या बाहीवरचा पिवळट डाग कुठल्याच साबणानं निघत नसे. तो माझा मान होता.

मग त्यांची लेक शिवप्रिया शेतकीचं शिकून आली, ती नवं बियाणं घेऊनच. रोपं बोटभर झाली तेव्हा काहींचं खोड नेहमीसारखं जांभळट होतं, काहींचं निखळ हिरवं.

"अप्पा, मादीसाठी ही हिरवीच ठेवा. ह्यांच्या फुलात पराग धरत नाही. कळी सोलायचं कामच न्हाय."

"फूल लागायच्या आधीच कळतं व्हय?"

"खोडाच्या रंगावरनं."

कामाला येणाऱ्या अयोध्यामावशी म्हणाल्या, "म्हंजी चिमट्याला पेन्शनच की, अप्पा!"

शरणप्पा हसले. ते हसणं मला लागलं. बोटभर रोप ते! ना त्याला टोक, ना कसब. तरी शरणप्पा रोज सकाळी वाकून त्यालाच निरखीत. पुढं त्यांनी मला बाहीला पुसून खणात ठेवलं. क्वचित एखादं हिरवं रोप दगा देई, त्याच्या फुलात पराग निघे. मावशी ते उपटून टाकत, आणि खणात मला सण असल्यासारखं वाटे.

शिवप्रिया कोवळ्या पानांचे तुकडे प्रयोगशाळेतही पाठवू लागली. जनुकांतली खूण पाहून रोप रोगाला टिकणार का, हे तिथं आधीच कळे. ते तुकडे बर्फात बसून शहराला जात. मी त्यांच्यावरही जळलो.

दिवाळीनंतर शरणप्पा गेले. त्यांनी लावलेल्या शेवटच्या रोपांचा निकाल मात्र मागाहून आला.

"मावशी, दोन रोपं चांगली निघाली," शिवप्रिया म्हणाली. "एक पानं मुरडायच्या रोगाला टिकणारं, दुसरं उभं रोप वाळवणाऱ्या मर रोगाला. अप्पांना ह्यांचाच संकर करायचा होता."

"खोड कसलं?"

"दोन्ही जांभळी."

"मग सोलावंच लागंल की गं."

खण उघडला. ज्यांच्यावर जळलो, त्या पानांनीच मला बाहेर काढलं होतं.

शेतात बायका घालतात तसा शिवप्रियानं ड्रेसवर अप्पांचा सदरा चढवला होता. तिनं मला फार घट्ट धरलं. पहिली कळी तुटली. दुसरीही.

"अप्पा कसं धरायचे, मावशी?"

"सैल. कळी काय पळून जाती व्हय?"

तिसऱ्या कळीतून पिवळी नळी अखंड निघाली. शिवप्रियाचा हात आपसूक डाव्या बाहीकडे गेला. मला पुसताना तो जुन्या डागावर जरा थांबला.

मित्रांनो, शेजारच्या वाफ्यातली हिरवी खोडं अजून डोलतात आणि माझा हेवा काही गेलेला नाही. पण एक सांगतो. जुनं अवजार बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा, फक्त पुसून ठेवा. शरणप्पांनी तसं ठेवलं, म्हणून गंज न चढता मी त्यांच्या लेकीच्या हाती आलो.

त्या संध्याकाळी शिवप्रियानं खण उघडलाच नाही. मला सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ती घरी निघाली.