वेणूचे आटे

माळावर खडीचा क्रशर सुरू झाला त्या हंगामात खडकओढ्याची माणसं ढिली होऊ लागली. पहिला मान भाऊसाहेब गोंजारींना मिळाला. ते हॉटेलात चहाचा कप उचलायला गेले, तर कप जागच्या जागी राहिला आणि त्यांचा अंगठा बशीत पडला. रक्त नाही, आरडाओरडा नाही. अंगठा बशीतल्या चहात एकदा गरगरला आणि कडेला टेकून थांबला. हॉटेलवाल्यानं दुसरी बशी आणून ठेवली आणि केरबाला बोलावणं धाडलं.

केरबा पांचाळ हा गावचा ट्रॅक्टरमिस्त्री. क्रशरच्या नटबोल्टांची देखभालही त्याच्याकडेच होती. त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि उजेडात धरला. बुडाशी स्क्रूला असतात तसे बारीक, स्वच्छ आटे होते, लेथवर काढल्यासारखे. केरबाला नवल वाटलं नाही. हादरा बसत राहिला की जे जे बसवलेलं आहे ते ते कधीतरी निघतं, हे त्याला ट्रॅक्टरांनी शिकवलं होतं. त्यानं अंगठा जागेवर टेकवला, उजवीकडे फिरवत नेला, शेवटी पान्यानं आवळला. मग खिशातून पिवळ्या रंगाची डबी काढून एक रेघ ओढली, अर्धी अंगठ्यावर, अर्धी तळहातावर.

"ही कशापायी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"रेघ सरळ दिसतीय तवर नट जाग्यावर. मधीच तुटल्यागत दिसली की समजायचं, हलला. लगोलग माझ्याकडं यायचं."

"म्हंजे पुन्यांदा निघंल म्हण की."

"क्रशर चालू हाय तवर निघणारच."

भाऊसाहेबांनी त्याच अंगठ्यानं कप धरून राहिलेला चहा संपवला. चहा निवला होता, एवढीच त्यांची तक्रार होती.

त्यानंतर केरबाच्या अंगणात रीघ लागली. कुणाचा कान निघाला, कुणाचा गुडघा. सुताराच्या थोरल्याची तर ऐन हळदीत मान फिरली आणि वऱ्हाडाला नवऱ्याची पाठ न् तोंड एकाच बाजूनं बघायला मिळालं. केरबानं सगळ्यांना आवळलं आणि सगळ्यांवर रेघा ओढल्या. लोक सकाळी उठल्यावर आधी रेघा बघत आणि मग तोंड धूत. "काय, बरं हाय का?" असं कुणी विचारीना. "रेघ शाबूत?" असं विचारत, आणि समोरचा मनगट पुढं करून दाखवी.

ज्यांचं वारंवार निघे त्यांना केरबा दुसरा नट चढवी. एकट्या नटाचा भरवसा नसतो. त्याच्या उरावर दुसरा बसवला की दोघं एकमेकांना दाबून धरतात आणि हलायला जागाच राहत नाही. संसाराचंही तसंच आहे, असं केरबा म्हणायचा. कोण कुणाच्या उरावर, हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

आवळण्याचा एक परिणाम झाला. एकेक माणूस आवळलं गेलं तसं गावही थोडं थोडं आवळलं गेलं. आधी पारासमोरचा रस्ता अरुंद झाला. मग ट्रॅक्टर बोळात अडकला तो तिथंच राहिला, कारण मागंपुढं सरायला जागा उरली नाही. केरबाची बायको चुलीजवळ बसल्या बसल्या खिडकीतून हात घालून शेजारणीच्या मडक्यातलं मीठ घेऊ लागली. माणसांना वाकता येईना. हसू आलं तर छातीत कळ येई, म्हणून लोक हसण्यासारखं बोलणं टाळू लागले.

गाव एकदा क्रशर बंद करा म्हणून माळावर गेलंही. मुकादम बोत्रे धुळीनं पांढरा झाला होता. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"बंद करतो की," तो म्हणाला. "माझं काय जातंय? पण जरा माघारी वळून बघा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. गावातली घरं माळाच्या बाजूला कलली होती. ती क्रशरच्या आवाजाला टेकून उभी होती.

"आवाज काढून घितला तर पडतील," बोत्रे म्हणाला. "सांगा, करू बंद?"

सगळे एकेक करून परत फिरले. केरबाला मात्र बोत्र्यानं थांबवून घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"केरबा, तुझं काम झ्याक हाय. इतका हादरतोय, पर क्रशरचा एक नट हलला न्हाई."

केरबाचा ऊर भरून आला. घरी येईपर्यंत तो भरलेलाच होता.

केरबाची बायको वेणू घाटापलीकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच सकाळी ती जात्यावर बसली आणि तिनं खुंटा धरून जातं डावीकडे फिरवलं. खडकओढ्यात जातं उजवीकडे फिरतं. सासू बघतच राहिली. "आमच्याकडं असंच फिरवत्यात," वेणू म्हणाली. पीठ तसंच पडलं, भाकरीही तशाच फुगल्या, पण सासूनं त्या दिवशी तिला नाव ठेवलं ते ठेवलंच. काही सांडलं, काही करपलं, की म्हातारी म्हणे, "उलट्या काळजाची हाय ही." सुरुवातीला वेणू हसायची. मग हसायची सोडली, आणि जातं मात्र डावीकडेच फिरवत राहिली.

तिची करंगळी पिठात निघाली तेव्हा केरबानं ती सगळ्यांसारखीच बसवली. बाकीच्यांच्या रेघा आठवडा आठवडा टिकत. वेणूची दुपारपर्यंत तुटली. त्यानं वॉशर घातला, दुसरा नट चढवला. संध्याकाळच्या आत अख्खं मनगट डुगडुगायला लागलं. मग त्यानं मोठा पाना आणला आणि त्याच्या दांड्याला लोखंडी पाइप लावला, ट्रॅक्टरच्या चाकाला लावतात तसा. पाइपला लोंबकळून जोर लावताना त्याच्या कपाळाची शीर फुगे, आणि वेणू पदर दातात धरून बसे.

"झालं का घट्ट?"

"न्हाई वं. सैलच वाटतंय."

"आवळलाय न्हवं मी आत्ता?"

"तुमी आवळताय तसं जास्तच सैल हुतंय," वेणू म्हणाली. "एकडाव उलटं फिरवून बघा की."

अंगणात माणसं बसली होती. केरबानं त्यांच्याकडं बघितलं.

"ऐकलंसा? मिस्त्रीला नट शिकवायला लागली."

माणसं हसली, माना जेवढं हसू देत होत्या तेवढं. "मला शिकवतीस व्हय?" केरबा म्हणाला आणि पुन्हा पाइपला लोंबकळला. वेणूनं तो विषय परत काढला नाही.

आता, केरबाला उलटे आटे माहीत नव्हते असं नाही. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तो नट डावीकडे फिरवला की बसतो आणि उजवीकडे फिरवला की निघतो. ज्याला हे ठाऊक नाही त्यानं पान्याला हात लावू नये, असं केरबा चारचौघांत सांगत असे. पण ते पायडल होतं आणि ही बायको. तिच्यावर त्याचा जीव होता. ती हातची जाईल या भीतीनं त्याला घास गिळवत नव्हता, आणि म्हणूनच तो रोज थोडा जास्त जोर लावत होता.

मनगटानंतर कोपर निघालं, कोपरानंतर खांदा, आणि मग मानही सैल झाली; तीही तो रोज आवळू लागला. केरबानं सगळं परत बसवलं, पण बोटं टिकेनात; डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी धड राहिली. बाकीची बोटं वेणू ओच्यात बांधून ठेवी. स्वयंपाक तीनच बोटांनी करी. घर तोवर इतकं आवळलं गेलं होतं की नवराबायकोला जेवताना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागे. म्हातारीला केरबानं इतकं पक्कं बसवलं होतं की ती कोपऱ्यात मुसळासारखी उभीच असे. तिचे फक्त ओठ हलत.

त्या दुपारी केरबा जेवायला बसला. वेणूनं भाकरी वाढली आणि मान वर केली. मानेवरच्या रेघेचा वरचा तुकडा कानाखाली होता. खालचा तुकडा गळ्याशी, पार पुढं आला होता.

केरबानं पाना घेतला. पाइप लावायला जागा नव्हती, म्हणून त्यानं एक पाय भिंतीला दिला आणि अंगातलं सगळं बळ एकवटून उजवीकडे ओढलं. मान सरकन फिरली. रेघेचे तुकडे आणखी लांब गेले.

"म्हणलं व्हतं न्हवं मी," कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली. "उलटी हाय ती. पैल्या दिसापास्नं उलटी हाय."

केरबाचा हात थांबला. इतकी वर्षं तो ती शिवी समजत होता. त्याच्या डोळ्यांपुढं जातं आलं, डावीकडे फिरणारं, आणि त्यातून पडणारं नीट, बारीक पीठ.

"वेणू," तो म्हणाला. "आगं, तू बोलली हुतीस."

"हां," वेणू म्हणाली.

त्यानं पाना उलटा लावला आणि डावीकडे फिरवला, हळू, अगदी अल्लाद. नट अर्धा फेरा धरून आला. केरबाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग नट मोकळाच फिरू लागला. डावीकडे फिरवला तरी फिरे, उजवीकडे फिरवला तरी फिरे. चकाकणारा बारीक कीस त्याच्या ताटात, भाकरीवर पडत राहिला. आटे गेले होते. इतक्या दिवसांच्या त्याच्या जोरानं ते खाऊन टाकले होते.

पाना खाली पडला. केरबानं दोन्ही तळव्यांत वेणूचं डोकं धरलं आणि खाली दाबून ठेवलं.

"हलू नगंस."

"मी कशाला हलू?" वेणू म्हणाली. "जिमीन हलतीय."

माळावर क्रशर दगड फोडत होता. त्याचा हादरा जमिनीतून भिंतीत येई, भिंतीतून केरबाच्या पाठीत आणि पाठीतून तळव्यांत. तळवे सोडले असते तर डोकं ताटात आलं असतं. त्यानं हाक मारून बघितली, पण बोळ आता माणूस येण्याइतका उरला नव्हता. शेजारीण खिडकीतून बघत होती. ती मीठ देऊ शकत होती, बाकी काही नाही.

भाकरी निवली. म्हातारीचे ओठ मिटले. केरबाचे दंड भरून आले, पण त्यानं पकड सोडली नाही. मग त्याला स्वतःच्या उजव्या मनगटात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. त्यानं नुसते डोळे खाली नेले. त्याची स्वतःची पिवळी रेघ, गावात सगळ्यांत शेवटी ओढलेली, मधोमध तुटली होती. बघता बघता तुकडे एकमेकांपासून दूर गेले. वेणूचं डोकं त्या बाजूला कलू लागलं.

"वेणू," तो म्हणाला. "माझं मनगाट."

"दिसतंय."

"तुझा डावा हात मोकळा हाय. धर. आवळ लवकर."

वेणूनं हात वर आणला. अंगठा आणि दोन बोटं त्याच्या मनगटाभोवती बसली. पकड चांगली होती.

"आगं पण नीट, उजवी..."

"मला म्हाईत हाय आवळायचं," वेणू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, मनगट घट्ट धरलं आणि माहेरी जात्याचा खुंटा फिरवायची तसं, सगळा जीव लावून, ती ते फिरवू लागली.