महादेवाचा साबू

कोरडा असताना तो दाणा खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा दिसे. पांढुरका, कडेने टोकदार. साबुदाण्यासारखा फुगणारा, म्हणून नाव साबू. संध्याकाळी जखमेत दाबला की सकाळी द्राक्षाएवढा फुगलेला, आरपार दिसणारा, आणि पोटात पिवळी झाक उतरलेली. रोहिणखेडच्या पुढे उभारलेल्या त्या पत्र्याच्या मंडपात लोक हेच बघायला येत.

"निंघाला! रोग निंघाला!" गर्दी ओरडली.

गारवामहाराज चमच्याने माझ्या काकूच्या तळपायातून फुगलेले दाणे काढून काचेच्या बरणीत टाकत होते. रुखमाबाई माझी सख्खी काकू. शुगर जुनी, तळव्याची जखम पावसाळ्यापासूनची. शेजारी किसनकाका हात जोडून उभे.

"शंकरानं हलाहल पेलं," महाराज म्हणाले, "तसा हा महादेवाचा साबू शुगर पेते! सुई नाई, टाका नाई. डाक्टर काय म्हन्ते? काप! अरे, डाक्टर हाय का खाटीक?"

लोक हसले. महाराजांनी बाभळीचा काटा काकूच्या टाचेत रुतवला.

"दुखते का माय?"

"नाई बाबा. कायीच नाई."

"ठणका?"

"गेला."

"आग?"

"ते बी गेली. पाय कसा गार पडला."

"गारवा उतरला!" महाराजांनी हात वर केले, आणि मंडपभर 'हर हर महादेव' झाले.

आमच्याकडे जखम चिघळली की उष्णता धरली म्हणतात. त्यामुळे गार पडणे म्हणजे बरे होणे. त्या मंडपाचे सगळे दुकान या एका शब्दावर चालले होते.

मी नांदुऱ्याला मुलींना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. काकूच्या दोन्ही पायांना एकेक हात लावला. उजवा उबदार होता. डावा, जखमेचा, रांजणाच्या बुडासारखा गार. पावलावर बोटे ठेवून नाडी शोधली, ती मिळाली नाही. करंगळी काळी पडली होती.

प्रसाद म्हणून दोन दाणे मागून घेतले आणि घरी साध्या पाण्याच्या वाटीत टाकले. जेवणे होईपर्यंत ते द्राक्षाएवढे झाले. काका वाटीत वाकून बघत राहिले. मग गोठ्यात गेले आणि सुतळीने बांधलेली पिशवी घेऊन आले.

"अनुपमा, हे पाह्य. संत्र्याच्या रोपाईले आणलं होतं. मुळाशी टाकाचं, पाणी धरून ठेवते."

त्यांनी आपला दाणा दुसऱ्या वाटीत टाकला. तोही तसाच फुगला.

"म्हंजे हा रोग नाई पेत?"

"ओल दिसली की पितो, काका. या वाटीतल्या पाण्याला कोणती शुगर होती?"

"अन् ते पिवळं?"

"जखमेतलं पाणी. पू."

पुढच्या सोमवारी काका दोन्ही वाट्या आणि ती पिशवी घेऊन मंडपात गेले. मीही गेले. महाराज जराही अडखळले नाहीत.

"अरे, पाण्यातला दोष बी पेते माहा साबू! अन् पिशवी? लंका बी सोन्याची अन् देवाचा मुकुट बी सोन्याचा. म्हून का रावण देव झाला?"

टाळ्या पडल्या. शालूबाई नावाच्या ओळखीच्या बाईने काकांना बाजूला घेतले. "भाऊ, तुमची श्रद्धा कमी पडली. घरात शिकलेलं माणूस आलं का असंच होते." तिच्या नवऱ्याच्या पायात साबू भरलेला होता. काका वाट्या घेऊन परत आले. मंडप दुसऱ्या दिवशीही भरला.

त्या दुपारी काकू ओसरीवर पाय पसरून बसली होती.

"तुया पिशवीत बी तं तसलीच पट्टी हाय म्हन्ते. गिलगिली. ते लाव."

होती. जेलची चकती, जंतू मारणारे औषध तिच्यात भरलेले, ते हळूहळू जखमेत झिरपते आणि जखम ओलसर राहते. डॉक्टरांनी पावसाळ्यात सांगितले होते, मेलेले मांस काढू, शुगर आटोक्यात आणू, रक्त पोचते का तपासू, मग ही पट्टी. तेव्हा काका म्हणाले होते, पाहू. दसऱ्याला डॉक्टर म्हणाले, आता गुडघ्याखाली कापावा लागेल. तेव्हाही, पाहू.

"लावून उपयोग नाही काकू," मी म्हणाले. "हे औषध जंतू मारतं. जिथे रक्तच येत नाही तिथे मांस उगवत नाही. ही पट्टीसुद्धा काही चमत्काराचा साबू नाही."

"मंग दुखत काऊन नाई?"

"शुगरनं नस मेली म्हणून. आणि गार पडला तो रक्त थांबलं म्हणून. बरा होणारा पाय ऊन असतो."

हे वाचणाऱ्यांच्या घरात शुगरचे माणूस असेल तर रोज त्याच्या पायाला हात लावा. दुखायचे थांबले, गार वाटले, तर नारळ फोडू नका; त्याच दिवशी दवाखाना गाठा. चमत्कार खरा की खोटा, हे भांडण नंतर करता येईल. पाय थांबत नाही.

काकूने पदराची पिन काढली. तळव्यात टोचली. काही नाही. घोट्याला टोचली, नडगीवर टोचली. तशीच वर वर सरकत गेली. गुडघ्याच्या खाली चारेक बोटांवर तिचा चेहरा आक्रसला आणि रक्ताचा थेंब आला. पाय कुठून कापायचा ते असे ठरत नाही, हे मला माहीत होते. मी कापसाने थेंब टिपला.

"येथून वर मी जित्ती हाय," ती म्हणाली. काका दारात उभे होते. त्यांचे 'पाहू' ओठांवर आलेले दिसत होते. तिने ते येऊ दिले नाही.

"आयकलं का वो? डाक्टरले फोन लावा. म्हना, रुखमा म्हन्ते, काप."