न उचललेला प्याला

माझ्या घराच्या गच्चीवरून फुरात नदीवरचा अख्खा पूल दिसतो, एवढाच त्या घराचा गुन्हा. अमेरिकन सैनिक आले, गच्चीवर वाळूच्या गोण्या रचल्या आणि म्हणाले, थोडेच दिवस. तेव्हापासून मी आणि माझा नवरा जबार नणंदेकडे पडून आहोत. एक दिवस पाहुणा, दुसरे दिवशी पै, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई. आमची अक्कल जाऊन दुसरा उन्हाळा आला.

मी कॅप्टनच्या, म्हणजे माझ्याच, दारात जाऊन बसायचे. पोरगेलासा माणूस, डोळ्यांखाली काळं. दुभाष्याकरवी म्हणायचा, "आई, मलाही घरी जायचंय. पण तुमच्या खजुरीच्या बागेतून गोळ्या येतात. त्या थांबल्या की निघतो."

गोळ्या झाडणाऱ्यांचा म्होरक्या गझवान, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो म्हणायचा, "मावशी, ते निघाले की थांबतो."

घ्या. दोघंही शहाणे, आणि मधे माझं घर.

शेवटी मी गझवानकडे गेले. त्याने कॉफी दिली. मी प्याला जमिनीवर ठेवला, तोंडाला लावला नाही. आमच्याकडे पाहुण्याने असा प्याला ठेवला की त्याचं काही मागणं आहे. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही, आणि न पिता उठला तर यजमानाची अब्रू गेली.

"मावशी, हे बरं नाही करत तू."

"मला काय हौस आहे? ते जाईपर्यंत माझ्या घरावर गोळी नको."

बराच वेळ तो मिशी चावत बसला. मग म्हणाला, "पी."

त्याने शब्द पाळला. बाग गप्प झाली. कॅप्टनने वरून परवानगी आणली, शुक्रवारी निघायचं ठरलं. गुरुवारी गोण्या खाली उतरू लागल्या. मी किल्ली घासूनपुसून ठेवली.

त्याच संध्याकाळी आपल्या इराकच्या संघाने फुटबॉलचा कप जिंकला.

लग्न असो, मुलगा होवो, सामना जिंको, आकाशात बंदूक उडवल्याशिवाय आमच्या लोकांना आनंद पचतच नाही. सगळं गाव उडवत होतं. जबारसुद्धा. कित्येक महिने न हसलेला माणूस नणंदेच्या अंगणात नाचत होता, "उद्या आपल्या घरी, फखरिया!" म्हणत होता. मी त्याला अडवलं नाही. का अडवू?

वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. एक माझ्या गच्चीवर, गोणी उचलणाऱ्या शिपायाच्या मानेत शिरली. पोरगा जागच्या जागी गेला.

कॅप्टन स्वतः सांगायला आला. "मला कळतंय, तो जल्लोष होता. पण वरच्यांच्या लेखी माझा माणूस चौकीवर गोळी लागून मेला. आता निघालो तर पळालो म्हणतील." तो चिडलाही नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

गोण्या पुन्हा वर गेल्या. कोणाची गोळी, अल्लाला ठाऊक. पण जबारने त्या दिवसापासून तोंड उघडलेलं नाही.

काल गझवान आला. मी कॉफी ओतली. त्याने प्याला घेतला आणि जमिनीवर ठेवला.

मी भांडं खाली ठेवलं. "काय हवंय?"

"मला शब्दातून मोकळं कर, मावशी. मी पाळला, ते गेले नाहीत. पोरं मला हसतात. आता ती चौकीच उडवायची आहे."

"माझं घर म्हण."

"घरच. पण मोकळं कर."

नाही म्हणावं तर बहिणीचा मुलगा माझ्यापुढून न पिता उठणार. हो म्हणावं तर घर जाणार, आणि कॅप्टनची पोरं आत झोपलेली. मला दोन्ही नको होतं. मी फार दमले होते.

कॉफी निवली. मी प्याला उचलला, ओतून दिला, गरम कॉफी भरून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. तीही निवली. मी पुन्हा भरला.

"असं किती वेळ करणार?" गझवान म्हणाला.

"कॉफी आहे तोवर."

भांड्यात आता एकच प्याला उरला होता. जबार कोपऱ्यातून उठला. मला वाटलं, आता बोलेल. त्याने फळीवरून डबा काढला, खलबत्ता पुढे ओढला आणि तो कॉफीच्या बिया कुटायला बसला.