तेरा नंबरचा शर्ट

“हे शेवटचं वर्ष हं, सांगून ठेवून राहिली तुम्हाले. पुढच्या वर्षी हे शर्ट तुम्ही धुवा, नाहीतर तुमच्या प्रिन्सिपालले आणून बसवा मोरीवर.”

निर्मलाबाईंनी ओला पिळा दगडावर आपटला. लक्ष्मणराव अंगणात उभे राहून शिट्टीला नवी दोरी ओवत राहिले. दर फेब्रुवारीत ही धमकी मिळते आणि दर जुलैत शर्टांचं गाठोडं पुन्हा मोरीवर येऊन पडतं, हे त्यांना पाठ होतं. पण यंदा बाई खरंच थकल्या होत्या. सोड्यानं बोटांना भेगा पडल्या होत्या आणि दगडाजवळून उठताना कंबर धरावी लागत होती.

लक्ष्मणराव भंडाऱ्याच्या कॉलेजात खेळाचे सर. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शर्टांचा एकच संच, आणि तोही पांढरा. मैदान लाल मुरमाचं आणि शर्ट पांढरे! ज्या शहाण्यानं हा रंग निवडला त्यानं जन्मात कधी स्वतःचा रुमाल धुतला नसेल, असं निर्मलाबाईंचं ठाम मत होतं. धोब्याची सोय कॉलेजात नव्हती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी लक्ष्मणराव ओशाळं तोंड करून गाठोडं घेऊन आले होते. म्हणाले होते, “एवढ्या खेपेले धुऊन दे, पुढं काहीतरी सोय होईल.” ती एवढी खेप सोळा वर्षं चालली होती.

इतक्या वर्षांत त्यांनी एक सामना पाहिला नव्हता. सामन्याची वेळ म्हणजे चुलीची वेळ, आणि शिवाय मैदानावर सरांच्या बायकोचं काय काम? त्या पोरांना ओळखायच्या त्या पाठीवरच्या आकड्यांवरून. हे आकडे बास्केटबॉलच्या नियमानं चारापासून सुरू व्हायचे. नवी नवरी असताना त्यांनी विचारलं होतं, “एक, दोन, तीन कोणाले देता?” लक्ष्मणराव तेव्हा पोट धरून हसले होते. आता दोघांनाही इतकं हसू येत नसे.

पिळे संपत आले तसा तेरा नंबर हाती आला. निर्मलाबाईंचा चेहरा जरा सैल झाला.

“हा पाहा. तीन वर्षं झाली, याच्या शर्टावर कधी डाग म्हणून नाही. नुसता पाण्यातून काढला का झाला. कोणाचं लेकरू हाय कोण जाणे, पण मायनं वळण चांगलं लावलं. बाकीच्यांले सांगत जा जरा, तेरावाल्यापासून शिका म्हणून.”

“हो,” लक्ष्मणराव म्हणाले आणि शिट्टी खिशात घालून कॉलेजात निघून गेले.

त्या दिवशी रविवार होता. शेवटच्या वर्षाची पोरं त्या दिवशी संघातून मोकळी व्हायची. रिवाज ठरलेला होता. दुपारी सरांच्या घरी जेवण, संध्याकाळी जुने विरुद्ध नवे असा सामना, प्रिन्सिपालसाहेबांचं भाषण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट परत. मग पोरं आपापल्या गावाला. कोणी मास्तर होई, कोणी बँकेत लागे, कोणी धानाच्या बांधीत उतरे. वर्षा-दोन वर्षांनी बाजारात एखादा भेटे आणि “काकू, ओळखलं का?” म्हणे. पाठीवर आकडा असता तर ओळखलंही असतं.

यंदा जाणारे सहा जण होते. वडाभात, कढी आणि वर फोडणीचं तेल असा बेत होता. पोरं ओसरीवर मांडी घालून बसली आणि दोन घास पोटात गेल्यावर त्यांची तोंडं सुटली.

“काकू, ओळखा पाहू मी कोण?” एक धिप्पाड पोरगा म्हणाला.

“नंबर सांग, मंग ओळखीन.”

“सात.”

“अगाई! सात तू हायेस का? तुझी बगल शिवता शिवता माझा दोऱ्याचा रीळ संपला रे बाबा. खेळतोस का कुस्ती करतोस?”

सगळे खो खो हसले. सात नंबर म्हणजे संघाचा कप्तान, सिहोऱ्याचा सुखराम.

“अन् मी नऊ, काकू,” दुसरा पुढं सरसावला.

“नऊ?” निर्मलाबाईंनी वाढता हात थांबवला. “तू तंबाखूचा खर्रा खातोस. नाही म्हणू नको. छातीवर लाल पिचकारी असते तुझ्या.”

नऊ नंबरनं सरांकडं चोरून पाहिलं. सर कढी भुरकत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. ओसरी दणाणून गेली. निर्मलाबाईंचीही कंबर घटकाभर दुखायची थांबली. माणसं समोर जेवतात, हसतात, आपलं काम आपल्याला नावानिशी दिसतं, म्हणजे आकड्यानिशी तरी दिसतं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

“बरं, तुमच्यात तेरा कोण हाय?”

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मग कडेला बसलेल्या उंच, किडकिडीत पोरानं मान वर केली.

“मी, काकू. श्रावण. अड्याळचा.”

“तू का बाबू! ये, तुले आणखी एक वडा वाढू दे. पाहा रे सगळ्यांनो, याच्यापासून शिका. तीन वर्षं खेळला, पण शर्टाले डाग नाही. कसा खेळत असशील रे तू इतका नीटनेटका?”

सुखरामला ठसका लागला. ठसका कसला, फसकन हसू फुटलं होतं ते. नऊ नंबरनं त्याला कोपर मारलं, पण तोवर तोही हसत होता. मग एकाएकी सगळे ताटात पाहू लागले. श्रावण तेवढा हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

“तसाच खेळतो, काकू,” तो म्हणाला. “वडा राहू द्या. पोट भरलं.”

निर्मलाबाई पातेलं घेऊन आत आल्या. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. पाण्याचा तांब्या न्यायला लक्ष्मणराव आत आले तेव्हा त्यांनी त्यांची वाट अडवली.

“काय झालं? पोट्टे काहून हासले?”

लक्ष्मणराव तांब्याकडं पाहत राहिले. “तो खेळत नाही, निर्मला.”

“खेळत नाही म्हणजे?”

“बाकावर बसते. संघातला बारावा गडी हाय तो. एखाद्याले लागलं खुपलं तं उतरवाचा, पण तशी वेळच नाही आली. आली तेव्हा दुसरा उतरवला. उंची हाय त्याच्याजवळ, पण धावाले लागला का पायात पाय येते. जिंकाचंही तं असते नं मले.”

“तीन वर्षं बसवून ठेवलं? मंग घेतला कायले संघात?”

“पहाटे सगळ्यांच्या आधी येते. मैदान झाडते, पाणी आणते. तो असला म्हणून बाकीचे येतात. कसा काढू?”

“अन् मी इतकी वर्षं त्याचं कौतुक करत होती, तेव्हा तोंडात काय धरलं होतं तुम्ही?”

लक्ष्मणरावांनी तांब्या खाली ठेवला. ते एकदम फार म्हातारे दिसले. “तेवढं एकच कौतुक होत होतं त्याचं, या घरात. म्हटलं, राहू दे.”

निर्मलाबाईंना रडूच कोसळायचं बाकी होतं. त्या पोराला आपण भरल्या पंगतीत नागडं केलं, तेही वडा वाढता वाढता. “आज त्याले खेळवा,” त्या म्हणाल्या. “आज काही जिंकाहाराचं नाही.”

“रिवाज हाय. वर्षभर जे पाच जण खेळले तेच निरोपाले खेळतात. प्रिन्सिपाल येऊन राहिले. पाहू.”

“पाहू नका. खेळवा. सोळा वर्षं मोरीवर बसली मी, बसून राहणं काय असते ते मले विचारा.”

लक्ष्मणराव तांब्या घेऊन बाहेर गेले.

संध्याकाळी निर्मलाबाई चूल न पेटवता निघाल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या कॉलेजच्या फाटकातून आत गेल्या तेव्हा सामना सुरू झाला होता. मैदानाच्या कडेला एक लाकडी बाक होता आणि त्यावर श्रावण एकटा बसला होता. बाकीचे पाचही जुने आत धावत होते. त्याच्या अंगातला शर्ट सकाळी वाळवला तसाच पांढराफेक होता. निर्मलाबाई सरळ जाऊन त्याच्या शेजारी बसल्या. खुर्चीवर बसलेले प्रिन्सिपाल वळून पाहू लागले, पण आता कोण त्यांची पर्वा करतो!

“चुकलं रे बाबू माझं दुपारी,” त्या हळूच म्हणाल्या.

“नाही, काकू. तुम्ही तं चांगलंच बोलल्या.”

“इथंच बसत होतास?”

“हो. इथून सगळं दिसते.” थोडं थांबून तो म्हणाला, “घरी बाबाले खोटंच सांगत होतो, का खेळतो म्हणून. बाबाले वाटते आपलं पोरगं शहरात नाव काढून राहिलं. आता उद्या गेलो का बोडीखालची धानाची बांधी हाय, चिखलात रोवणा हाय. संपलं.”

 निर्मलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. लक्ष्मणराव शिट्टी तोंडात धरून पलीकडच्या कडेनं पळत होते आणि मुद्दाम या बाजूला बघत नव्हते. ऊन उतरलं. नव्या पोरांनी दोन बास्केट लागोपाठ टाकले. जुन्यांना चेव आला. बाकाकडं कोणाचं लक्ष नव्हतं, आणि आता सामना संपत आला होता.

एवढ्यात सुखराम मांडी धरून मटकन खाली बसला.

“सर, गोळा आला पायात! नाही होत आता.”

लक्ष्मणरावांनी शिट्टी मारली. कप्तान लंगडत लंगडत बाहेर आला आणि बाकापाशी थांबला. निर्मलाबाईंच्या नजरेला नजर न देता श्रावणला म्हणाला, “जा ना बे. काय पाहून राहिला?”

श्रावण उठला. एकदा सरांकडं पाहिलं. सरांनी मान हलवली. तो आत पळाला आणि सुखराम पाण्याच्या माठाकडं गेला. निर्मलाबाईंनी नीट पाहिलं, माठाकडं जाताना तो अजिबात लंगडत नव्हता. “गुणाचा रे माझा सात नंबर,” त्या पुटपुटल्या.

श्रावण वाईटच खेळला, खोटं कशाला सांगायचं? पायात पाय येत होते. एकदा चेंडू हातातून निसटला, एकदा त्यानं चुकून समोरच्यालाच देऊन टाकला. मग नऊ नंबरनं त्याला रिंगखाली चेंडू दिला आणि ओरडला, “मार!” श्रावणनं उडी मारली. चेंडू लोखंडी कड्यावर नाचला, नाचला आणि बाहेर पडला. श्रावण खांद्यावर आपटून मुरमात घसरत गेला. उठला तेव्हा अर्धा शर्ट लाल झाला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. निर्मलाबाई उभ्या राहून सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. त्यांना त्या लाल डागाचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. उद्या हा शर्ट आधी धुवायचा, त्यांनी ठरवून टाकलं. सोडा घालून, वडी घासून, नीळ देऊन, जसा खेळणाऱ्याचा धुतात तसा.

सामना नव्या पोरांनी जिंकला. प्रिन्सिपालसाहेबांनी भाषणात जाणाऱ्या खेळाडूंचं कौतुक केलं. चिठ्ठीत पाचच नावं होती.

सकाळी गाठोडं आलं. निर्मलाबाईंनी ते मोरीवर ओतलं आणि एकेक आकडा बाजूला केला. तेरा नव्हता. त्यांनी पुन्हा पाहिलं. तेवढ्यात फाटक वाजलं. हातात पत्र्याची पेटी घेऊन श्रावण उभा होता.

“अड्याळची गाडी हाय, काकू. म्हटलं शर्ट स्वतःच देऊन जाऊ.”

त्यानं घडी पुढं केली. शर्ट ओला होता. घट्ट पिळलेला होता.

“वसतिगृहाच्या नळावर धुतला,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणाल्या होत्या ना, तेरावर कधी डाग नसते. मंग शेवटच्या दिवशी कायले तुम्हाले तरास?”

 “बरं केलं बाबू,” निर्मलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी घडी हातात घेतली. श्रावणनं वाकून नमस्कार केला, पेटी उचलली आणि तो एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या.

मग त्या मोरीवर आल्या आणि त्यांनी घडी उलगडली. नुसत्या पाण्यानं मुरूम कुठं निघतो? खांद्यापासून आकड्यापर्यंत एक फिकट लाल पट्टा तसाच राहिला होता. त्यांनी सवयीनं साबणाची वडी उचलली. एकदा फिरवली असती तर निघाला असता. 

“झाले का गं शर्ट?” आतून लक्ष्मणरावांनी विचारलं.

“बाकीचे व्हाचे हायेत,” त्या म्हणाल्या. “तेराचा झाला.”

त्यांनी वडी पुन्हा पत्र्याच्या डब्यात ठेवली. शर्ट झटकला आणि डागाची बाजू उन्हाकडं करून तारेवर वाळत घातला.