लाल दिव्यावरची चिकटपट्टी

मी एक जुना स्पाइक गार्ड आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी रूप साधंच आहे. हातभर पांढरं प्लॅस्टिक, प्लग लावायला चार जागा, एक बटण, एक लाल दिवा आणि लांब वायर. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्यात मुद्दाम विजेचा झटका सोडला. मी तो पचवला, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता.

एका वायरमनने मला या घरात आणलं. घरातली आई भरतकामाच्या मशीनवर शाळांचे बॅज भरून द्यायची आणि त्या एका मशीनवर घर चालायचं. वायरमन तिला म्हणाला, "ताई, वीज मधेच उसळली तर हा ती उसळी स्वतःच्या अंगावर घेतो. पण याची ताकद कधीतरी संपते, मग हा लाल दिवा लागतो. मशीन तरीही चालूच राहील, फसू नका. लाल दिसला की मला हाक मारा."

"मारते की!" आई म्हणाली. मी त्या दोन शब्दांवर विसंबलो, हीच माझी चूक.

पाच वर्षं मी मशीनच्या पायाशी पडून होतो. अंगावर दोऱ्यांचे तुकडे, तेलाचे डाग. वीज जाऊन आली की धक्का यायचा आणि मी तो मुकाट्याने सोसायचो. आई शेजारणींना सांगायची, "माझं मशीन कधी बिघडत नाही बाई, हाताचा गुण आहे!" कौतुक मशीनचं, कौतुक हाताचं. माझं नाव कधी निघालं नाही. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू?

एका दुपारी रस्त्यावरच्या खांबावर तारेला तार चिकटली. शेजारचे दोन टीव्ही जळाले. आमचं मशीन मात्र सुई न अडखळता चालत राहिलं. माझ्या आत काहीतरी कायमचं जळलं आणि लाल दिवा लागला.

आईने तो पाहिला. चांगला निरखून पाहिला. "एवढे दोनशे बॅज होऊ देत, मग बोलावते," असं ती स्वतःशीच म्हणाली. दोनशे झाले, मग तीनशे आले. दिवा तिच्या डोळ्यांत खुपू लागला. शेवटी तिने काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि त्यावर दाबून बसवला. मित्रांनो, मी खोटं बोललो असतो तर ही शिक्षा मी सोसली असती. मी खरं बोललो म्हणून माझं तोंड बंद केलं.

तीन आठवड्यांनी वीज पुन्हा उसळली. अर्धवट भरलेल्या बॅजवर सुई थांबली आणि मशीनमधून धूर निघाला. वायरमन धावत आला, तर आई त्याच्यावरच उखडली, "तुमचा गार्ड नकली निघाला!"

त्या भल्या माणसाने मान खाली घातली. "चुकलं असेल, ताई. नवीन मी माझ्याकडून लावून देतो." शरमेने त्याने माझ्याकडे धड पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर पट्टी दिसली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे संन्यासी दोघे होते.

आई आपली चूक आता तरी कबूल करील, असं मला वाटलं होतं. मशीन दुरुस्तीला गेलं होतं, घर गप्प होतं. लेक शाळेतून आली तेव्हा आईने मला तिच्या हातात ठेवलं. "तुझ्या टेबलाशी प्लग कमी पडतात ना? हा घे. वायर लांब आहे, फेकायचा कशाला?"

लेक हरखली. तिने वर्षभर खपून केलेला प्रकल्प टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्येच होता. "म्हणजे आता माझा कॉम्प्युटरपण सुरक्षित ना गं, आई?"

आईने माझ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर पट्टी कोणी लावली तेही सांगावं लागलं असतं. "हो," ती म्हणाली.

तेव्हापासून मी या टेबलाखाली आहे. लेक रोज माझं बटण दाबते आणि माझ्या भरवशावर निर्धास्त काम करते. माझा विश्वासघात झाला तो मी गिळला असता. आता माझ्याच हातून या पोरीचा होतो आहे, हे मला सोसवत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी तिच्या वर्गात असाल तर तिला सांगा, "टेबलाखाली वाक आणि ती काळी पट्टी काढ." तिची आई सांगणार नाही.